तिच्या सहा चुका आणि आपलं हसणं : दहावी 'ब'च्या मित्रमैत्रिणींना खुलं पत्र

सर्वांना रामराम, जय भीम, सलाम.

हे पत्र मी आपल्या ग्रुपवर न टाकता बाहेर, उघड्यावर लिहितोय. ग्रुपवर टाकलं असतं तर सुप्रभातच्या फोटोंखाली अर्ध्या तासात गाडलं गेलं असतं. शिवाय गेल्या काही महिन्यांत जिंतूर, अंबाजोगाई, उदगीर, जिथं कुठं कामानिमित्त गेलो तिथं लोकांकडून त्यांच्या त्यांच्या ग्रुपच्या अशाच गोष्टी ऐकल्या. म्हणजे हे आपल्या एकसष्ट जणांपुरतं राहिलेलं नाही. गावाचं नाव लिहीत नाही, कुणाचंच नाव लिहीत नाही. ज्याचं त्याला कळेल.

गोष्ट ऑक्टोबरातली आहे, कापसाची पहिली वेचणी चालू होती तेव्हाची. आपल्यातली एक मैत्रीण. दहावीची परीक्षा दिली आणि त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. चार वर्षांपूर्वी नवरा गेला. स्वतःचं दोन एकर आणि दुसऱ्याच्या रानात रोजानं वेचणी, यावर तिनं घर ओढलं. ग्रुपवर ती कधी लिहायची नाही. वाढदिवस असो, दहावा असो, हात जोडल्याचं चित्र टाकायची आणि गप्प बसायची. त्या रात्री पावणेनऊला तिनं पहिल्यांदा लिहिलं :

"आज माझ्या मूलीचा नर्सींगला नंबर लागला. सरकारी कॉलेज. पहीली यादी. खुप आनंद झाला. तीचे पप्पा पाहीजे होते."

याच्याखाली आपल्याकडून जे पहिलं उत्तर गेलं ते असं : "मुलीचा. नर्सिंग. पहिली. खूप. तिचे. पाहिजे."

बस्स. सहा शब्द, सहा पूर्णविराम. अभिनंदन नाही, आशीर्वाद नाही, तिच्या नवऱ्याची आठवण नाही. त्याच्याखाली डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसणारे चेहरे, मी मोजले, चौदा. मग एकानं विचारलं, मराठीच्या पेपरला कोणाचं बघून लिहिलं होतंस? दुसरा म्हणाला, लेक तरी इंजेक्शन नीट देईल ना? दोघांनी अभिनंदन केलं, पण ते त्या हसण्यात बुडून गेलं. नऊ वाजून दहा मिनिटांनी तिनं मेसेज काढून टाकला आणि खाली लिहिलं, "चुकले. माफ करा."

त्यानंतर तिनं हात जोडल्याचं चित्रसुद्धा टाकलेलं नाही.

मी तेव्हा एसटीत होतो. सगळं वाचत होतो. मी हसलो नाही, पण एक शब्दही लिहिला नाही. आणि जो सहा शब्दांचा मेसेज गेला, तो लिहायची रीत ग्रुपला कुणी लावली असेल तर मीच. तीन वर्षांपूर्वी आपल्यातल्या एकाचे वडील वारले. एकाखाली एक तुम्ही सगळे "भावपुर्ण श्रध्दांजली" टाकत होतात. मी मध्येच लिहिलं की 'भावपूर्ण' दीर्घ, आणि 'श्रद्धांजली'त द ला ध जोडायचा, ध ला द नाही. ज्याचे वडील गेले होते त्यानं उत्तर दिलं, "बरं." बाप सरणावर असताना त्याला मी जोडाक्षर शिकवत होतो, हे माझ्या ध्यानात यायला मध्ये तीन वर्षं जावी लागली. तिची "चुकले. माफ करा" ही ओळ वाचली तेव्हा ते "बरं" मला पहिल्यांदा ऐकू आलं. त्याची मी फोन करून माफी मागितली आहे. तो म्हणाला, मी विसरलो होतो. विसरला नव्हता.

तुम्हाला माहीत आहे, माझं पोट याच कामावर भरलं. बावीस वर्षं एका दैनिकात मुद्रितशोधक होतो. तेव्हा शुद्ध लिहिण्याबद्दल मला कळकळ नाही असं कुणी म्हणू नये. उलट त्या कामात जे शिकलो ते त्या रात्री आपण सगळ्यांनी पायदळी तुडवलं, म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी एकमेकांची खेचण्याबद्दल बोलतो, कारण काहींचं म्हणणं असं पडलं की आता काय ग्रुपवर थट्टाही करायची नाही का. करायची. आपल्या मातीत थट्टेशिवाय माणसाला माणूस म्हणून कुणी जवळच घेत नाही. आपल्यातल्या एकाला आपण सातवीपासून "रेड्या" म्हणतो. दोन वर्षांपूर्वी नांदेडला त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर बायकोनं फोन हातात दिला तर ग्रुपवर पहिलाच मेसेज, "रेड्या, ऊठ. औत खोळंबलंय." त्यानं थरथरत्या बोटानं लिहिलं, "उठलो. आधी पेंड आना." त्या 'आना'ला त्या दिवशी कुणी हात लावला नाही. त्याची बायको मला नंतर म्हणाली, भाऊजी, डॉक्टरच्या गोळीनं नाही एवढा त्या मेसेजनं माणूस हुशारला. तोच शब्द मागच्या वर्षी ग्रुपवर आलेल्या एका पाहुण्या माणसानं वापरला, तर रेड्याच्या कपाळावर आठ्या पडल्या आणि पडायलाच पाहिजे होत्या. पस्तीस वर्षं एका बाकावर बसून तो शब्द आपण कमावलाय.

आपल्या भागात तर शिवीलाही घराणं आहे. गंगाखेडची जनाबाई पांडुरंगाला विठ्या म्हणते, कारट्या म्हणते, आणि पंढरपुरात तिच्या अभंगावर लोक माना डोलावतात. ज्याच्याबरोबर दळण दळलं त्याला ती शिवी आहे. लग्नात रुखवताच्या वेळी बायका विहिणीची जी अब्रू काढतात ती ऐकलीय ना? पण समोरच्या बाजूच्या बायका गप्प बसत नाहीत. त्यांचंही गाणं तयार असतं. हिचं झालं की तिचं. ज्या लग्नात एकच बाजू गाते आणि दुसरी मान खाली घालते, तिथं मागे रुसवाफुगवी ठरलेली. केज तालुक्यातल्या विडा गावात धुळवडीला जावयाला गाढवावर बसवून गावभर मिरवतात, हे तुम्ही बातम्यांत दरसाल बघता. शेवटी त्याला नवे कपडे आणि सोन्याची अंगठी देऊन गाव त्याचा मान करतं. जावई आधी लपून बसतात, गावकरी शोधून आणतात, त्या बिचाऱ्याला ते सगळं आवडतंच असं मी म्हणणार नाही. पण गाढवावरून उतरवल्यावर त्याला तसाच वेशीबाहेर हाकलून देत नाहीत, एवढं खरं.

आपण तिला गाढवावर बसवलं आणि तिथंच सोडून घरी गेलो. तिला उलटून बोलायची जागा नव्हती. 'रेड्या'ला 'पेंड आना' म्हणता आलं. तिनं काय म्हणायचं होतं? "तुमचं व्याकरण खड्ड्यात गेलं" असं म्हणायला आधी आपण बरोबर आहोत हा विश्वास लागतो, आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या पुढे आपल्यातल्या निम्म्या लोकांचा तो विश्वास तिसरीतच छडीनं काढून घेतलेला आहे. म्हणून चूक दाखवली की माणूस चिडत नाही, गप्प होतो. शिवीला उत्तर देता येतं, सहा पूर्णविरामांना देता येत नाही.

आणि तिच्या चुका तरी काय होत्या, तेही बघू. माझं रोजचं काम ते, म्हणून सांगतो. 'मूल' लिहिताना मू दीर्घ. त्याच शब्दाला प्रत्यय लागला की 'मुलाला', ऱ्हस्व. 'फूल' दीर्घ, 'फुलाला' ऱ्हस्व. 'मूल' दीर्घ हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं, म्हणून तिनं 'मूलीचा' लिहिलं. तिच्या चुकीला कारण आहे, तिनं विचार करून लिहिलंय. 'खूप' बोलताना आपल्यापैकी कोण खू लांबवतो आणि 'पहिली' म्हणताना कोण हि आखडतो? कानाला जे कळत नाही ते नियमानं डोळ्याला शिकवावं लागतं, आणि ते शिकायला वर्षानुवर्षं छापलेलं वाचावं लागतं. तिच्या घरात छापलेलं काय येतं? खताच्या पोत्यावरचं आणि विजेच्या बिलावरचं.

हे नियमही आभाळातून पडलेले नाहीत. मराठी साहित्य महामंडळानं केलेले चौदा नियम शासनानं १९६२ मध्ये स्वीकारले आणि १९७२ मध्ये आणखी चारांची भर पडली. त्याआधी 'नांव', 'गांव', 'करणें' असे न उच्चारले जाणारे अनुस्वार देणारा माणूस शुद्ध लिहिणारा समजला जायचा. नियम बदलले आणि ज्यांच्या हयाती शुद्ध लिहिण्यात गेल्या ती माणसं एका वर्षात अशुद्ध झाली. याच नियमांत एक कलम आहे, ते शाळेत फारसं कुणी शिकवत नाही. केशवसुतांच्या आधीची कविता आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचं गद्य छापताना मुळात आहे तसंच छापावं, त्याला आजचे नियम लावू नयेत. म्हणजे नियम करणाऱ्यांनाही कळत होतं की नामदेवांच्या, जनाबाईच्या ओळीवर तांबडी पेन्सिल चालवायची नसते. लिहिणारा कोण, कधीचा, कशासाठी लिहितोय, हे बघून मग नियम.

माझे आजोबा निजामाच्या राज्यात वाढले. तिथं कचेरीचा कागद उर्दूत, वरचं शिक्षण उर्दूत, १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. आजोबा चार इयत्ता उर्दूत शिकले आणि मराठी अक्षरं त्यांनी १७ सप्टेंबर १९४८ नंतर, म्हणजे आपला मराठवाडा मोकळा झाल्यावर, तिशी उलटल्यावर गिरवली. माझे वडील औरंगाबादला वसतिगृहात असताना आजोबांनी त्यांना टाकलेलं एक कार्ड माझ्याकडे आहे. जांभळ्या शाईत एवढंच : "पैशे पाठविले हाईत. पोटाला खाने. आई खुशाल. रडुन को." शेवटचे दोन शब्द 'रडू नको' आहेत. शब्द कुठं तोडायचा हे त्यांना कळलं नाही, कारण उजवीकडून डावीकडे लिहिणारा हात डावीकडून उजवीकडे वळवून ते लिहीत होते. वडिलांनी ते कार्ड मरेपर्यंत पाकिटात ठेवलं. आता सांगा, या कार्डाच्या खाली कुणी सहा पूर्णविराम दिले असते तर वडिलांनी त्याला घरात घेतलं असतं का?

मग आपण असे का झालो? मला माझं माहीत आहे, ते सांगतो. १९९६ मध्ये मी पुण्याला शिकायला गेलो. खोलीवर पहिल्या रात्री एकानं विचारलं, काय करतोयस? मी म्हणालो, "जेवायलो." तो थांबून बघत राहिला. त्याला वाटलं वाक्य पुढं यायचंय, जेवायला काय, जेवायला कुठं? आपल्याकडे 'तो जेवायला' म्हटलं की वाक्य संपलं, तो जेवतोय. त्यांच्याकडे ते अर्धंच. त्यानं ते सगळ्या मजल्यावर सांगितलं. दोन महिने मला येता-जाता "काय, जायलास का, यायलास का" ऐकावं लागलं. मी ते बोलणं सोडलं. गावी आईशी फोनवर बोलतानासुद्धा 'करतोय', 'जातोय' म्हणायला लागलो. आई म्हणाली, असं काय परक्यासारखं बोलायलास? त्या प्रश्नाचं उत्तर मी आईला देऊ शकलो नाही.

ज्याच्यावर हसलं गेलं तो पुढे हसणारा होतो. पुण्यात गिळलेली लाज मी परभणीत येऊन दुसऱ्यांच्या 'आनि'वर काढली. तुमच्यातले जे संभाजीनगर, पुणे, मुंबई करून आलेत, मोठ्या पगारावर आहेत, त्यांनी स्वतःला विचारून बघा. 'न' आणि 'ण'वर हसताना आपण नेमकं कोणाच्या घरावर हसतो, हेही विचारा. 'पानी' म्हणणारी घरं कोणती आणि 'पाणी' म्हणणारी कोणती, हे आपल्या गावात पोरासोरांना ठाऊक आहे. तिथं 'ण'ची दुरुस्ती म्हणजे जात काढणंच असतं, फक्त जातीचं नाव घेतलेलं नसतं. हे मला सोप्या शब्दांत सांगणं भाग आहे, कारण आपल्या ग्रुपमध्ये ज्यांच्या ओळी सर्वांत जास्त दुरुस्त होतात ती पाच-सहा नावं मी काढून बघितली. तुम्हीही काढा.

दुसरा एक प्रकार आहे, तो मला याहून वाईट वाटतो. २०२४ च्या हंगामात आपल्यातल्या एका शेतकरी मित्रानं सोयाबीनबद्दल लिहिलं होतं. हमीभाव ४,८९२ रुपये, आणि मोंढ्यात त्याच्या मालाला ओल जास्त आहे म्हणून चार हजार शंभरनं मागितलं. क्विंटलमागे जवळजवळ आठशेचा तोटा, वीस क्विंटलला जवळजवळ सोळा हजार. तो विचारत होता, खरेदी केंद्रावर नोंदणी कशी करायची, कुणाला माहीत आहे का? आपल्यात दोघंजण सरकारी नोकरीत आहेत, एकाचा भाऊ आडत्या आहे, उत्तर सहज मिळालं असतं. मिळालं काय? "आधी 'क्वींटल' नीट लिही, मग भाव माग." त्यावर तीस मेसेज झाले, कोणी म्हणे क्विंटल हा मराठी शब्दच नाही, कोणी म्हणे आहे. सोयाबीन राहिलं बाजूला. तिसऱ्या दिवशी त्यानं मिळेल त्या भावानं माल घातला. आरक्षणावरून २०२३ पासून आपल्याकडे जे वाद पेटले, त्यातही हेच. समोरच्याचं म्हणणं खोडता आलं नाही की "आधी शुद्ध लिहायला शिक". त्यानं काय म्हटलंय याचं उत्तर नसलं की कसं म्हटलंय ते धरायचं. हा वाद जिंकणं नव्हे रे, हा वादातून पळणं आहे.

आता माझ्या कामाबद्दल. प्रूफ कसं वाचतात ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. मजकूर जुळून आला की त्याचा एक कागद आमच्या टेबलावर यायचा. एकजण मूळ प्रत मोठ्यानं वाचायचा, दुसरा प्रूफवर पेन्सिल धरून बसायचा. चूक सापडली की ओळीत खूण आणि समासात दुरुस्ती. तो कागद परत जायचा, दुरुस्त होऊन यायचा, पुन्हा वाचायचा. रात्री एक वाजता पान सुटलं की ते खुणांनी भरलेले कागद रद्दीत. सकाळी वाचकाच्या हातात पडायचं ते नुसतं स्वच्छ पान. कोणी किती चुकलं, कोणी किती पकडल्या, जगाला कळायचं नाही. आमच्या धंद्याचा तोच धर्म. चूक दुरुस्त करायची ती लिहिणाऱ्याचं म्हणणं नीट पोचावं म्हणून, आणि लिहिणाऱ्याला उघडं न पाडता.

मी नवीन असताना एका शेतकऱ्याचं पत्र वाचकांच्या पत्रव्यवहारात आलं होतं. त्यात वाक्य होतं, "पाऊस पडना, आम्ही वाट बघायलो." मी 'पडत नाही' आणि 'बघत आहोत' केलं. आमचे ज्येष्ठ शोधक शेजारी बसायचे, चष्मा कपाळावर सारून सगळं बघायचे. त्यांनी माझी दुरुस्ती रबरानं खोडली आणि म्हणाले, "हे त्याचं वाक्य आहे, तुझं नाही. तुला शंका असली तर समासात प्रश्नचिन्ह काढ आणि विचार." त्यानंतर माझ्या समासात दुरुस्त्या कमी आणि प्रश्नचिन्हं जास्त दिसू लागली. शोधक म्हणून मी तेव्हा तयार झालो.

आणि या कामाचा आपल्याकडचा मोठा माणूस कोण, तर पैठणचे एकनाथ महाराज. शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ ला, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीनशे वर्षं हातानं नकला होत होत पाठ बिघडले होते. नाथांनी शेवटी जे लिहून ठेवलंय त्यात दोन गोष्टी आहेत. ग्रंथ मुळात अतिशुद्धच होता, बिघाड झाला तो पाठांतरात, म्हणजे नकलांमध्ये पाठ बदलत गेल्यानं. आणि हे काम मी 'अत्यादरी' केलं. अत्यादरानं! चुका शोधणाऱ्याच्या मनात लिहिणाऱ्याबद्दल अत्यादर. बावीस वर्षं टेबलावरच्या काचेखाली मी तो शब्द लिहून ठेवला होता, आणि ग्रुपवर लिहिताना एकदाही आठवला नाही.

ज्यांना दुरुस्तीची खरोखर हौस आहे त्यांच्यासाठी आपल्या गावात काम पडलेलं आहे. आधारवर एक नाव, सातबाऱ्यावर दुसरं, बँकेच्या पासबुकावर तिसरं. एका वेलांटीसाठी अनुदान अडकतं, एका काना-मात्रेसाठी विमा अडकतो, आणि म्हातारी माणसं टेबलामागून टेबल हिंडतात. तिथं अक्षराला किंमत आहे, रुपयांत आहे. एका शनिवारी पारावर बसा, दहा माणसांचे कागद समोरासमोर ठेवून नावं जुळवून बघा, अर्ज लिहून द्या. मी दोनदा बसलोय. एका काकूंच्या नावात 'द्वारकाबाई'चं 'व्दारकाबाई' झालेलं होतं. श्रद्धांजलीतली माझी जोडाक्षराची विद्या त्या दिवशी कामाला आली.

आणि कुणाला सांगायचंच असेल, तर एकट्याला सांगा. आपले मराठीचे सर वर्षभर ग्रुपवर आहेत, सगळं वाचतात. त्यांनी एकदा तरी कुणाची चूक सगळ्यांदेखत काढली का? शाळेतही वहीत लाल शाई असायची ती वहीतच. पोरगं वही न्यायला आलं की सर वही मिटून त्याच्या हातात द्यायचे, शेजाऱ्याला लाल दिसू नये म्हणून. सर, तुम्ही हे वाचत असाल तर एवढंच सांगतो, की ती मिटलेली वही मला अजून आठवते.

सहा शब्दांचा मेसेज ज्यानं टाकला त्याच्यावर मी हे सगळं ढकलत नाही. त्याला मी ओळखतो, मनानं वाईट नाही. त्यानं तिच्या लग्नात पंगतीत वाढलंय. तू तिला फोन कर. "तुझं बरोबर होतं, माझं चुकलं" असं म्हणायची गरज नाही. आधी जे म्हणायचं राहिलं ते म्हण. चौदा हसणाऱ्यांनीही, आणि न हसता गप्प बसलेल्या माझ्यासारख्या चाळीसजणांनीही.

मी गेल्या आठवड्यात तिच्याशी बोललो. म्हणाली, "मला लिवायला येत न्हाई दादा, कशाला उगी." मी म्हणालो, पहिली यादी लागली ना? तर आवाज बदलला. मग दहा मिनिटं थांबली नाही. पोरीचे मार्क, वसतिगृहाची खोली, गणवेशाचे पैसे कसे जमवले, पहिल्या दिवशी पोरगी पांढऱ्या कपड्यांत कशी दिसत होती. मला सारखं वाटत होतं, हे सगळं आपल्या ग्रुपवर आलं असतं.

येत्या रविवारी पोरगी सुट्टीवर घरी येणार आहे. मी जायलोय. पेढे गंगाखेडच्या स्टँडवरून घेईन. गाडीत अजून तिघांची जागा आहे. ज्यांना यायचंय त्यांनी मला फोन करा, सकाळी आठला निघू.

तुमचाच,
दहावी 'ब', मार्च १९९३, तिसरा बाक